बरडीवरचा ओटा

मंडईच्या दिवशी पिपरडोहात कामाशिवाय बसलेली दोनच माणसं सापडतात, एक जावई आणि दुसरा रुसलेला म्हातारा. जावयाचा मान असतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. म्हाताऱ्याचा मान जावयाहून मोठा, त्यामुळे त्याला तर खाली या म्हणायचीही सोय नव्हती. मनीराम पाटील सकाळचा चहा घेऊन जे स्लॅबवर चढले होते ते अजून उतरले नव्हते. तोंड नदीकडे, पाठ बरडीकडे, गावामागच्या त्या मुरमाड उंचवट्याकडे. आणि आपण रुसलो आहोत हे अंगणातल्या प्रत्येकाला नीट दिसावं म्हणून त्यांनी खाट मुद्दाम कडेला ओढून घेतली होती.

खाली तुलसा सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, उरकून उडदाचे बडे तळत होती. दिवाळी सरली की त्या भागात गावोगाव मंडई भरते. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं, दिलेल्या लेकी, सोयरेधायरे एका दिवसासाठी गावात परततात, दुपारी बाजार फुलतो आणि रात्री नाटक उभं राहतं. तुलसाच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, जावई आले होते, धाकटा खुमेंद्र गोंदियाहून बायकोला घेऊन आला होता. मोठा हेमेंद्र तर घरचाच. घर माणसांनी भरलं होतं आणि तुलसाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. बडा कढईत सोडताना तिचा हात थांबायचा, नजर वर जायची आणि तेल तापून धूर निघायचा.

"माय, तो बडा करपला," मोठी सून सुशिला म्हणाली.

"करपू दे. तुझ्या सासऱ्याच्या ताटात वाढ."

आज दुपारपर्यंत निकाल लागायचा होता. बरडीवर, वरटोल्याच्या वस्तीत, घरांसाठी जागा आखून ओटे, म्हणजे उंच जोती, भरायचं काम चाललं होतं. नदीकाठची सगळी घरं एकेक करून वर जाणार होती, पुढच्या पावसाळ्याच्या आत. शेवटचा एक कोपरा राहिला होता. दुपारपर्यंत मनीराम पाटलांनी तो घेतला तर घेतला, नाही तर खालच्या आळीतला बिसराम त्यावर टपून बसलाच होता. आणि बिसरामचं काय चुकलं? त्यालाही लेकरंबाळं होतीच.

पिपरडोहच्या एका अंगाला वैनगंगा आणि दुसऱ्या अंगाला बाघ नदी. दोघी एकदम भरल्या की गावाचा टापू होतो, हे तुलसा लग्न होऊन आली तेव्हापासून पाहत होती. तेव्हा पाणी पायरीपर्यंत यायचं, रात्र काढायचं आणि निघून जायचं. बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या. पण अलीकडे पाऊस पडला की धरबंद नसल्यासारखा पडायचा, वरच्या धरणाची दारं उघडायची, आणि पाणी पायरीवर थांबायचं विसरून गेलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या भादव्यात ते माळ्याला टेकलं. सगळं गाव बरडीवर पळालं, वरटोल्यातल्या विहारात आणि लोकांच्या पडव्यांमध्ये राहिलं. एकटे मनीराम माळ्यावर धानाच्या पोत्यांशेजारी बसून राहिले. "मी नाही येत," म्हणाले. शेवटी वरटोल्यातल्या सेवकरामच्या पोरानं, लोकेशनं, डोंगा आणला, छपरावर चढला, कौलं काढली आणि म्हाताऱ्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं. तोवर पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. त्या दिवशी तुलसानं बरडीवर उभं राहून सगळं पाहिलं होतं. त्या कौलांच्या भोकातून त्यांचं डोकं वर येईपर्यंतचा वेळ तिच्या छातीत अजून तसाच अडकून होता.

आणि यातून घरानं काय धडा घ्यावा? तर पुढच्याच उन्हाळ्यात हेमेंद्रनं पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, म्हणजे बाबूजींना पुरात बसायला उंच जागा होईल आणि कौलं काढावी लागणार नाहीत. असं शहाणपण फक्त पाटलांच्याच घरात सुचू शकतं. नदीही हसली असेल. यंदा ती नुसतं पाणी घेऊन आली नाही, मागची वाडी घेऊन गेली. जांभळीचं झाड, तणसाच्या पेंड्या रचायची जागा, न्हाणीची भिंत, सगळं एका रात्रीत कोसळलं. आता मागच्या दारातून पाऊल टाकलं की पुढं सरळ काठ होता.

सरकारी माणसं फीत घेऊन दोनदा मोजून गेली होती. "दुसरं गाव देऊ" म्हणाली होती. कुठं, कधी, ते काही बोलली नव्हती. मग गावानंच ठरवलं. लोकेशनं पुढाकार घेतला, बायकांच्या बचत गटानं रेटा लावला. डोंगे दुरुस्त झाले, बोअरिंगचे ओटे उंच झाले, आणि यंदा ग्रामसभेत ठरलं की गाव वर न्यायचं. वर म्हणजे एकच जागा होती, बरडी. आणि बरडी वरटोल्याची होती.

ही बरडी वरटोल्याची कशी झाली, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी मोठ्यानं बोलत नसे. छप्पन साली धम्म घेतल्यावर सेवकरामच्या बापानं आणि त्याच्या भावकीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. तेव्हाच्या पंचांना राग आला. जा म्हणाले वर, राहा मुरमावर. त्या पंचांत मनीरामचे वडील सगळ्यांच्या पुढं होते. बरडीवर धान होत नाही, विहीर खणायला घेतली की खडक लागतो. पण लोकांनी खडक फोडला, विहिरी काढल्या, लिंबं लावली, पोरं शिकवली. चांगली काळी जमीन नदीकाठाला होती, ती पाटलांनी ठेवून घेतली होती. आता नदी ती काळी जमीन बोलावून नेत होती आणि मुरूम जागचा हलत नव्हता.

खुमेंद्र मोटारसायकलवरून आला आणि गाडी उभी करायच्या आतच तुलसाला कळलं की पोरगा काहीतरी उपद्व्याप करून आला आहे. लहानपणी आंबे चोरून आल्यावरही तो असाच शीळ वाजवत यायचा.

"कुठं गेला होतास गा?"

"वरटोल्यात. सेवकरामकाकाकडं." त्यानं आवाज उतरवला. "म्हटलं, बाबूजी नाही येत तं नाही येत. मी गोंदियाहून जेसीबी धाडतो, चार माणसं धाडतो. तुमच्या ओट्यावर लागन तेवढा मुरूम टाकून देतो. आमचा कोपरा आमच्या नावावर लावून टाका."

"मग?"

"नाही म्हनते काका. जेसीबी येईन अन् जाईन म्हनते. जागा इकाची नाही, भाड्यानं द्याची नाही. घरातल्या मोठ्यानं सोता याचं अन् वरच्या कोनाच्या तरी ओट्यावर एक दिवस मुरूम टाकाचा. मग वरचे लोक त्याच्या ओट्यावर येतीन. सगळ्याइले एकच कायदा. पुरात सारे वर आले होते म्हनते, अन् पानी उतरल्यावर आमची वाटही विसरले. ज्याचा हात ओट्यात लागला तो नाही विसरन." खुमेंद्रनं हात झटकले. "जिद्दी हाय म्हातारा. आपल्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त."

वरून खाटेचा करकर आवाज आला. बाकी कशाला नसले तरी आपल्या नावाच्या गोष्टींना मनीरामचे कान तिखट होते.

"खुमेंद्र! माझ्या नावानं कोनाच्या दारी गेला होता रे?"

"बाबूजी, तुमच्याचसाठी गेलो होतो."

"मी मेलो का? मेलो असन तं सांग, मी खाली उतरतो अन् तुमी मले तिरडीवर बांधा."

जावयांनी चहाचे कप खाली ठेवले आणि ते गुपचूप अंगणाच्या बाहेर, बाजाराकडे निघाले. त्यांना या घराची सवय होती.

"चला ना मग गोंदियाले," खुमेंद्र वर बघून ओरडला. "मी कधीपासून सांगून राहिलो! दोन खोल्या हाय, नळ हाय, दवाखाना जवळ हाय. इथं नदीत बसाचं काऊन?"

तुलसानं रिंकीकडे पाहिलं. धाकटी सून गोंदियाचीच, राइस मिलच्या मुनीमाची मुलगी, बोलणं अर्धं हिंदीत. सासूसासरे कायमचे घरी येणार म्हटल्यावर तिचं तोंड वाकडं होईल अशी तुलसाची खात्री होती. तोंड वाकडं झालंच. पण रिंकी जे बोलली ते मात्र तुलसाच्या हिशेबात नव्हतं.

"आपके बाबूजी वहाँ छः महिने नहीं टिकेंगे," ती नवऱ्याला म्हणाली. "मागच्या वेळी आले होते तं दिवसभर खिडकीत बसून रेल्वेचे डबे मोजले. इथं सारं गाव त्यांना पाटील म्हणते. तिथं वॉचमन त्यांना चाचा म्हणते. पुरात आदमी एक बार में जाता है, वहाँ रोज थोडा थोडा जाएँगे. मी सांगते माय, वरच घर बांधा."

खुमेंद्र बायकोकडे पाहतच राहिला. तुलसाला हसू आलं. या पोरीच्या बाबतीत आपण आठ वर्षं चुकीचे अंदाज बांधत होतो, असं तिला वाटलं आणि बरं वाटलं.

तिनं झारा सुशिलाच्या हाती दिला, पदर खोचला आणि जिन्याकडे निघाली. स्लॅब झाल्यापासून ती कधी वर गेली नव्हती. कठडा नसलेल्या जागेवर माणसानं बसू नये, असं तिचं मत होतं.

मनीरामनी मान वळवली नाही. "तू कायले आली?"

"तुमी खाली येत नाही म्हनून मी वर आली. सवय करून राहिली. पुढच्या भादव्यात दोघंही इथंच बसू ना, पानी पाहत."

"टोमने मारू नको."

"मग काय मारू? तुमीच सांगा, काऊन नाही जात?"

मनीरामना रागवायचं होतं. पण एकटी तुलसा समोर असली की त्यांचा राग नेहमी अर्ध्यावर येऊन बसायचा. शेवटी त्यांनी ते कारण काढलं ज्याच्यापुढं घरात कोणी बोलत नसे.

"चौरी हाय आपल्या घरात."

चौरी म्हणजे देवघराच्या कोपऱ्यातला मातीचा वीतभर ओटा. त्यावर घराण्याचा देव. भाऊ वेगळे निघाले तरी चौरी थोरल्याच्या घरी राहते, ती हलत नाही. घराण्याच्या सुनांखेरीज तिला सारवायला कोणी हात लावत नाही, लेकींनीसुद्धा नाही. माळव्यातून आलेल्या आजेपणज्यांनी गाडीत बसवून आणलेला देव, असं मनीराम पोरांना सांगत असत.

"माझ्या आज्यानं बसवली, बापानं पुजली. ती उचलून मी वरटोल्यात नेऊ? त्याइच्या अंगनात?" मनीराम म्हणाले. "मले जमनार नाही, तुलसा. मी माणूस हाय, कसाही मरन. देवाचं काय?"

तुलसा खाटेच्या काठावर बसली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूनं तिला चौरी सारवायला शिकवली होती. त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली होती. दरवर्षी जुनी माती खरवडायची, नवी छुई, ती पांढरी शेलकी माती, भिजवून दोन हात द्यायचे, वाळली की वरून तांदळाचं पीठ. घरातल्या पुरुषांनी या कामाकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी चौरी आपोआप पांढरी होत असे.

"ती छुई कुठून येते, तुमाले ठाऊक हाय?"

"कुठून म्हंजे? घरात राहते."

"घरात राहते! घरात काय ती उगवते? पार्वताबाई आनते. सेवकरामची बायको. बरडीच्या मागच्या खड्ड्यातून खोदून, टोपलीत घालून, दर दिवाळीच्या आधी. तिच्या आधी तिची सासू आनत होती. साऱ्या गावात छुई दुसऱ्या कुठं निघतच नाही. यंदाची आनली ते पंधरा दिवसही नाही झाले." तुलसाचा आवाज चढला, पण त्यात राग नव्हता, अनेक वर्षं साठवलेलं हसू होतं. "तुमच्या आज्याचा देव चाळीस वर्षांपासून मी पाहून राहिली, बरडीच्याच मातीवर बसला हाय. जुनी माती दरवर्षी खरवडून मी नदीत सोडते. माळव्याची माती असन तं ती कधीचीच समुद्रात गेली. देवाले काही झालं नाही. तुमालेच काऊन होते?"

पाटलाच्या घरात बायकोनं देवाची माती काढावी आणि तीही अशी! मनीरामनी मान जिन्याकडे वळवली.

हेमेंद्र जिन्यात येऊन उभा होता. तो बोलायला भिणारा पोरगा. बाप जे म्हणेल ते करायचं आणि मग एकट्यानं कुढायचं, हा त्याचा स्वभाव. आजवर या भांडणात तो बापाच्या बाजूनं उभा होता, कारण स्लॅब त्यानं टाकला होता.

"हेमेंद्र," तुलसा त्याच्याकडे वळली. "तू सांग. खरं सांग. पुढच्या पुरात हा स्लॅब टिकन का?"

हेमेंद्रनं पायाच्या अंगठ्यानं सिमेंट उकरलं. बाप बघत होता, माय बघत होती.

"नाही टिकन," तो म्हणाला. "खाली भिती मातीच्याच हाय, माय. मागची वाडी गेली तेव्हापासून पाया ओला हाय. मी बाबूजीले खुश कराले टाकला. मले वाटलं होतं, वर बसतीन तं..." पस्तिशी ओलांडलेला माणूस बापासमोर रडायला लागला तर बरं दिसत नाही, म्हणून तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

तुलसा उठली. तिचे गुडघे दुखत होते, पण आज ते सांगायचा दिवस नव्हता. "मी जाऊन राहिली," ती म्हणाली.

"कुठं?"

"बरडीवर. मुरूम टाकाले. तुमी बसा. तुमाले माळ्यातून काढला तेव्हा मी वर उभी होती. तुमी पानी पाह्यलं असन, मी तुमाले पाह्यलं. तसं मी दुसऱ्यांदा नाही पाहनार. रांडव होऊन रडाची माझी तयारी नाही, अन् तुमच्या संग बुडाचीही नाही. मले अजून जगाचं हाय. नातवाइचे लगीन पाहाचे हाय."

एवढं ती पूर्वी कधी बोलली नव्हती. खाली रिंकीनं न विचारता एक घमेलं उचललं आणि सासूच्या मागं चालू लागली.

बरडीवर मंडईपेक्षा जास्त गर्दी होती. बाहेरगावची माणसं आलेली, म्हणून आजचाच दिवस धरला होता. कुठं सब्बलीनं मुरूम खणत होते, कुठं चुन्याच्या रेघा पडत होत्या. खालच्या आळीतले, पाटलांच्या जातीचे पवार वरटोल्यातल्या नव्या ओट्यांवर मुरूम ओतत होते आणि वरटोल्याची पोरं त्यांना "काका, कमरेत वाका, पाठीत नाही" असं शिकवत होती. लोकेश दोरी घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होता. तुलसाला पाहून तो थांबला.

"काकी, तुमी? पाटील?"

"पाटील वर हाय. म्हंजे खाली हाय, पन वर हाय," तुलसा म्हणाली आणि लोकेश हसला.

सेवकराम आपल्या ओट्याच्या कोपऱ्यावर उभे होते. अंगानं काटक, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला. तुलसानं रिंकीच्या हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि हात जोडले. त्यांनीही हात जोडले, पण चेहरा मोकळा झाला नाही.

"कायदा तुमाले खुमेंद्रनं सांगितला असन, तुलसाबाई. घरातल्या मोठ्यानं याचं."

"घरातला मोठा कोन, ते घरात ठरते, सेवकरामभाऊ. आज मी ठरवलं."

आजूबाजूची फावडी थांबली. सेवकरामनी बायकोकडे पाहिलं. पार्वताबाई मुरमाच्या ढिगावर बसून खडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्याकडं काय पाहता?" ती म्हणाली. "आपल्या घरचा मोठा कोन, ते साऱ्या गावाले माहीत हाय. टाकू द्या तिले."

लोक हसले. सेवकरामही हसले आणि बाजूला सरकले. तुलसानं पहिलं घमेलं डोक्यावर घेतलं. चाळीस वर्षांत तिनं धानाचे भारे उचलले होते, शेण उचललं होतं, पण मुरूम हा वेगळाच जड. तिसऱ्या खेपेला तिला घाम फुटला, चौथ्या खेपेला रिंकी म्हणाली, "बस करो माय." तुलसा थांबली नाही. आपण थांबलो तर तिकडं बिसराम कोपऱ्यात दोरी लावेल, अशी तिला भीती होती.

पाचव्या खेपेला कोणीतरी तिच्या डोक्यावरचं घमेलं उचलून घेतलं.

पांढरं धोतर, टोपी, पायात बाजाराच्या वहाणा. मागं हेमेंद्र आणि त्याच्या मागं, शीळ न वाजवता, खुमेंद्र. मनीरामनी तिच्याकडे बघितलं नाही. घमेलं ओट्यावर नेऊन रिकामं केलं, परत आले, फावडं घेतलं, भरलं, पुन्हा नेलं. सेवकराम बाजूला उभे राहून पाहत होते. दोन म्हातारे, एकाच वयाचे, एकाच नदीत पोहायला शिकलेले, वेगवेगळ्या घाटांवर. आयुष्यभर मनीराम सेवकरामला काम सांगत आले होते आणि सेवकराम ते करीत किंवा नाकारीत आले होते. दोघांच्यात याहून जास्त शब्द कधी झाले नव्हते.

तुलसा पार्वताबाईशेजारी ढिगावर टेकली. तिला वाटलं, आता रडू येईल. पण रडायला फुरसत मिळाली नाही.

"ही दोरी कोनी लावली?" मनीरामचा आवाज आला.

मधल्या बोळातून नाली जायची होती, एका अंगाला सेवकरामचा ओटा, दुसऱ्या अंगाला पाटलांचा. मनीराम दोरीजवळ उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत होते.

"मी लावली," सेवकराम म्हणाले.

"वाकडी हाय. साऱ्या नालीचं पानी माझ्या अंगनात येईन."

"उतारच तिकडं हाय, पाटील."

"उतार मले शिकवता? बांध्याइतलं पानी फिरवण्यात माझी जिंदगी गेली. इथं धुरा टाकाचा, मातीचा वीतभर बांध, अंगनाच्या चारही बाजूले. पानी येतच नाही मग."

"धुरा टाकाचा?" सेवकरामनी डोक्यावरचा टॉवेल सोडला आणि हातात घेतला. "ओट्याले धुरा? हे का धानाची बांधी हाय? बांधीत पानी थांबवाचं राहते, इथं पानी हाकलाचं हाय! धुरा टाकसान तं पयल्याच झडीत अंगनात तळं होईन अन् ओटा खचन. साठ वर्षं मुरमावर राह्यलो मी, तुमी काल आले!"

"काल नाही, आजच आलो! आल्या आल्या पानी माझ्याच दारात?"

"तुमच्या दारात नाही, मागून जाते!"

"मागं माझा कोठा राहन, ढोरं राहतीन! ढोराइच्या पायात नाली?"

"मग कोठा तिकडं घ्या!"

"काऊन घेऊ? तुमीच तुमचा ओटा हातभर सरकवा!"

"अरे, मुरूम टाकून झाला ना आता त्यावर! तूच तं टाकला, मनीराम!"

पाटील गेलं होतं, तुमी गेलं होतं. उभ्या जन्मात तुलसानं सेवकरामला, किंवा त्याच्या बापाला, पाटलांच्या घरातल्या कोणाला अशी हाक मारताना ऐकलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हेमेंद्रही पाहत होता. लोकेश दोरी सोडून दोन पावलं पुढं आला होता.

मनीरामना ते ऐकूच गेलं नव्हतं, किंवा ऐकून त्याचं काही वाटलं नव्हतं. ते दोरी दोन्ही हातांनी धरून लाल झाले होते. "मी टाकला म्हनून काय झालं! मले काय माहीत होतं तू नाली इकडं काढून राहिला! दोरी सोड, सेवकराम!"

"तू सोड!"

"मी नाही सोडत! संध्याकाळपर्यंत बसन, पन दोरी नाही सोडनार!"

पार्वताबाईनं हातातला खडा टाकून दिला. "होऊन जाऊ दे तुलसाबाई, असं नदीकाठावर कधी ऐकाले मिळालं नाही." तिचे खांदे हसण्यानं हलत होते. तुलसाही हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. भांडून घ्या, तिला वाटत होतं, पोटभर भांडून घ्या. पिढ्यांची नाली तुंबली आहे.

तेवढ्यात खुमेंद्रचा मोबाइल वाजला. सुशिलाचा होता. जावई बाजारातून परतले होते, पानं मांडून झाली होती, आणि मंडईची पंगत घरधन्याशिवाय बसत नाही. सगळे उपाशी.

"बाबूजी, चला. जावई थांबले."

"थांबू दे."

"उपाशी हाय ते."

"मी इथून हाललो की हा दोरी सरकवन," मनीराम म्हणाले.

"मी कायले सरकवू? तूच सरकवशीन!" सेवकराम म्हणाले. ते दोरीच्या दुसऱ्या टोकावर बसून राहिले.

तुलसा उठून नवऱ्याजवळ गेली. "मंग कसं करू? मंडईच्या दिवशी जावयाइले तसंच धाडू?"

"तसंच कायले धाडतं? इथं घेऊन ये साऱ्याइले." मनीरामनी दोरीवरची नजर काढली नाही. "बडे आन, सुवाऱ्या आन. मुरमावर बसतीन, काही झिजत नाही. अन् दोन पानं जास्त आनजो. हा म्हातारा बी काही जेवाले जात नाही, मले माहीत हाय."

सेवकरामनी दोरी थोडी ताणली. नंतर, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी, आपल्या बाजूला सरकवली.

एक शब्द बोललं तरी म्हाताऱ्याला शुद्ध येईल, आपण कुठं बसलो आहोत ते कळेल, अशी तुलसाला भीती वाटली. तिनं रिंकीचा हात धरला आणि दोघी बरडी उतरू लागल्या. खाली अंगणात सुशिला पानांवर माशी बसू नये म्हणून पदरानं वारा घालत उभी होती.

"पानं उचल," तुलसा दारातूनच म्हणाली. "कढई, सुवाऱ्या, पान्याची घागर, सारं घे. पंगत वर हाय."

सुशिलानं जिन्याकडे पाहिलं. "वर? स्लॅबवर?"

"नाही वो," तुलसा म्हणाली. "घरी."